चाळिशीनंतरचा एल बोर्ड आणि कोल्हापूर

बदली होऊन कोल्हापुरात आलात, घर मिळालं, गॅस जोडला, दूध लागलं. आता महिनाभरात कुणीतरी विचारेलच, "गाडी चालवत नाही तुम्ही?" मला २०१२ मध्ये विचारलं होतं. मी डोंबिवलीची. निम्मं आयुष्य लोकलच्या दारात लोंबकळण्यात गेलेलं. गाडी येत नाही याची तिकडे कुणाला लाज वाटत नाही. इथं कॉलेजातली पोरगी आजीला अंबाबाईला सोडून तशीच पुढं क्लासला जाते. आणि माझी कंपनी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत. केएमटीची बस आहे, पण आपली शिफ्ट सुटते तेव्हा ती असेलच असं नाही. रोज कुणाच्या तरी मागे "मला सोडाल का?" करत दोन वर्षं काढली. शेवटी बेचाळिसाव्या वर्षी क्लास लावला.

कागदपत्रांचं आधी उरकते. लर्निंग लायसन्सचा अर्ज सारथी या सरकारी साइटवर करायचा. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांच्या सहीचा १-अ नमुना, म्हणजे तब्येतीचा दाखला, लागतो. तो आधीच करून ठेवा. लर्निंग सहा महिने चालतं, पक्क्या लायसन्सची टेस्ट ३० दिवसांनंतर देता येते. तोवर गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल एल आणि शेजारी लायसन्सवाला माणूस हवा. शेजारी नवरा बसवू नका. एवढंच सांगते.

क्लासमध्ये एक गोष्ट कुणी सांगत नाही. शिकवणाऱ्या मामांच्या पायाखालीही ब्रेक आणि क्लच असतो. वीस दिवस मला वाटत होतं, छान जमतंय. प्रत्यक्षात निम्मी गाडी मामाच चालवत होते. मी फक्त स्टिअरिंग धरून खिडकीबाहेर बघत होते. म्हणून पाचव्या-सहाव्या दिवशी सरळ म्हणा, "मामा, पाय वर घ्या." ते आढेवेढे घेतील. घेऊ देत. गाडी विद्यापीठाच्या रस्त्याला बंद पडायची ती तिथंच पडू दे, सकाळी सहाला तिथं फिरायला आलेल्या मंडळींशिवाय कुणी बघायला नसतं. ते मात्र बघतात, आणि थांबून सल्लाही देतात.

मी पाय वर घ्यायला लावले नाहीत, त्याची फेड परीख पुलाखाली झाली. राजारामपुरीकडून स्टँडकडे जाताना रेल्वेखालून हा रस्ता जातो. आधी उतार, लगेच चढ, रुंदी जेमतेम. एकविसावा दिवस, शेजारी मैत्रीण. वर येताना पुढची रिक्षा थांबली, मीही थांबले. मग निघताना गाडी तीनदा बंद पडली. चौथ्यांदा मागे घसरली. मागे हॉर्नचा कल्लोळ. एक बाइकवाला उतरला, बाइक स्टँडला लावली आणि काचेवर टकटक केली. मी मनात माफीची वाक्यं जुळवत होते.

"ताई, हँडब्रेक वडा. वडला? आता फस्ट टाका. एक्सलेटर जरा द्या, क्लच सावकाश सोडा. गाडीनं नाक उचलल्यागत केलं की पाय तितंच धरा. हां. आता हँडब्रेक सोडा."

गाडी थरथरत उभी राहिली. मागे नाही, पुढे नाही. वीस दिवस ऐकलेला हाफ क्लच म्हणजे काय, ते डाव्या पायाच्या चवड्याला पहिल्यांदा तेव्हा कळलं.

"आता जावा की!" तो ओरडला. मी गेले. त्याचं तोंडही नीट पाहिलं नाही.

हे ओरडणं मनाला लावून घेऊ नका. आपण मुंबई-पुण्याकडून आलेले लोक चढा आवाज ऐकला की भांडण समजतो. इथं "काय बाई, झोपलाईसा काय?" असं म्हणणारा माणूस पुढच्याच क्षणी आपली गाडी रिव्हर्स काढून देतो. पहिल्या वर्षी मी अशा दोन-तीन जणांना उलट बोलले. आजही आठवलं की खजील होते.

टेस्टला मी पहिल्यांदा नापास झाले. रिव्हर्स घेताना मागे न बघता आरशातल्या स्वतःच्या घाबऱ्या चेहऱ्याकडे बघत होते. सात दिवसांनी परत देता येते. ऑफिसात सांगायची गरज नाही. मी सांगितलं, तर कँटीनवाल्यापासून सगळे रिव्हर्स शिकवायला लागले.

लायसन्स हातात आल्यावर गाव कळायला लागतं. मोबाइलवरचा नकाशा ताराराणी चौक म्हणतो, माणसं कावळा नाका म्हणतात, दोन्ही एकच. तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात तो नाका. मिरजकर तिकटी, पापाची तिकटी, गंगावेश ही नावं पाठ करा, कारण पत्ता विचारला की डावं-उजवं कुणी सांगत नाही, "तिकटीवरनं सरळ" एवढंच सांगतात. वळणं घटवायची असतील तर राजारामपुरीसारखी जागा नाही. गल्ल्यांना नंबर आहेत, त्यामुळे चुकलात तरी किती चुकलात ते मोजता येतं. महाद्वार रोड आणि भवानी मंडपाच्या बाजूला मात्र गाडी नेऊच नका. बिंदू चौकातल्या पार्किंगला लावा आणि चालत जा. नवरात्रात तर घरूनच चालत.

दिवाळीच्या आसपास साखर कारखाने सुरू झाले की मार्चपर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांचं राज्य असतं. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वरून वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, लोंबतंय, ड्रायव्हरच्या टेपवर फुल्ल आवाजात गाणी. तुमचा हॉर्न त्याला ऐकू जात नाही. मागची ट्रॉली वळणावर झोलते आणि रात्री तिला दिवा असेलच याचा भरवसा नाही. ओव्हरटेकची घाई करू नका, मागे राहून रस्त्यावर पडलेली कांडी मोजत बसा.

पावसाळ्यात दोन आकडे लक्षात ठेवा: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. जुलै-ऑगस्टात इथला प्रत्येक माणूस सकाळी उठून आधी हेच बघतो. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ हायवेवरच पाणी आलं आणि पुण्याकडची वाट बंद झाली. तेव्हा "पाणी घोट्याएवढंच दिसतंय" म्हणून गाडी घालणाऱ्यांत तुम्ही नसाल एवढं बघा. परीख पुलाखालीही मोठ्या पावसात पाणी साचतं.

राहता राहिली गंगावेश. संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हशी येतात, समोर पिळून धारोष्ण दुधाचा ग्लास हातात देतात. त्या वेळी तुमच्या बॉनेटसमोर म्हैस आली तर इंजिन बंद करा आणि बसून राहा. हॉर्न वाजवू नका. म्हैस हलत नाही, आणि मालक वळून बघतो.