पक्षी दिसला की आधी रंग नको, चोच आणि पाय बघा

पक्षी बघायला नवीन लागलेले बहुतेक जण आधी रंग बघतात आणि मग पुस्तकात तोच रंग शोधत बसतात, मीही कितीतरी दिवस तेच करायचो. पण रंग फसवतो हो, नराचा वेगळा, मादीचा वेगळा, पिल्लाचा तिसराच, परत ऊन-सावलीत अजून बदलतो. चोच आणि पाय सहसा फसवत नाहीत. पक्ष्याला हात नाहीत, त्यामुळे पकडणं, फोडणं, सोलणं, उकरणं सगळं याच दोन अवयवांवर, म्हणून नाव नंतर शोधा, आधी हा खातो काय आणि वावरतो कुठे ते ओळखा.

चोचीला दोन प्रश्न विचारायचे. जाड की बारीक? टोक सरळ की वाकलेलं? आखूड, जाड, त्रिकोणी असेल तर दाणे फोडणारा. चिमणी दाणा खाताना अगदी जवळून बघा, ती दाणा चोचीच्या कडेत धरते, जिभेने फिरवते, दाबते, टरफल खाली पडतं आणि गर आत जातो. कबुतरही दाणेच खातं पण चोच बघा किती बारीक, कारण ते दाणा अख्खा गिळतं आणि दळायचं काम पोटातली पेषणी करते, त्यासाठी बारीक खडेसुद्धा गिळतं.

चोचीच्या जाडीत थोडासा फरक असला तर काय बिघडतं असं वाटेल, तर पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर बेटावर १९७७ च्या दुष्काळात लहान मऊ बिया संपल्या आणि मोठ्या कडक उरल्या, तेव्हा तिथल्या फिंच (चिमणीएवढे, बिया खाणारे) पक्ष्यांमध्ये जाड चोचवाले जास्त वाचले आणि पुढची पिढीही जाड चोचीची निघाली. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या शास्त्रज्ञ जोडप्याने तिथले पक्षी पकडून, चोची मोजून हे दाखवलंय.

बाकीच्या चोची पटकन लक्षात राहतात. भाल्यासारखी सरळ म्हणजे मासे (बगळा, खंड्या), आकडीसारखी म्हणजे मांस फाडणारा, बारीक वाकडी म्हणजे फुलातला मध (शिंजीर), चपटी म्हणजे पाणी गाळणारं बदक, त्याच्या चोचीच्या आतल्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात. रोहित पक्ष्याची (फ्लेमिंगो) चोच मध्येच मोडल्यासारखी दिसते, पण तो डोकं उलटं करून पाण्यात घालतो तेव्हा कळतं की ती त्या उलट्या कामासाठीच आहे. आणि माझा सगळ्यात आवडता पाणलाव (इंग्रजीत स्नाइप), लांब चोच चिखलात खुपसतो, टोकाला इतकी संवेदना की आतला किडा न बघता कळतो, आणि अख्खी चोच न उघडता फक्त टोक उघडून तो धरतो!

आता पाय. बोटांमध्ये पडदा असेल तर पोहणारा. लांब काटकुळे पाय असतील तर उथळ पाण्यात चालणारा. कमळपक्ष्याची बोटं इतकी लांब की वजन पसरतं आणि तो तरंगत्या पानांवर आरामात चालतो. सुतारपक्ष्याची दोन बोटं पुढे, दोन मागे, वर ताठ शेपटीचा खोडाला टेकू. साध्या पाकोळीची चारही बोटं पुढे वळतात, म्हणजे भिंतीला लटकता येतं पण तारेवर बसता येत नाही, त्यामुळे तारेवर ओळीने बसलेली दिसली तर ती पाकोळीसारखीच दिसणारी भिंगरी समजा.

एका अवयवावरून निकाल मात्र देऊ नका. पाण्यात पोहतोय म्हणून मी पाणकावळ्याला बदक लिहून मोकळा झालो होतो, चोच बघितलीच नाही, तिचं टोक आकडीसारखं असतं म्हणजे मासे पकडणारा. त्याची पिसं भिजतात, त्यामुळे बुडी मारणं सोपं जातं, आणि म्हणूनच नंतर तो पंख पसरून वाळवत बसतो. तसंच गिधाड, चोच गरुडासारखी पण पंजे कमजोर, म्हणजे शिकार उचलून नेणारा नाही, मेलेलं खाणारा.

डोळे आणि पंख शेवटी बघितले तरी चालतात, डोळे समोर असतील (घुबड) तर शिकारी, बाजूला असतील (कबुतर) तर चहूकडे लक्ष ठेवणारा. पंख रुंद असतील तर हवेवर तरंगत राहणारा, अरुंद टोकदार असतील तर वेगाने जाणारा.

सरावासाठी वहीत तीनच ओळी लिहा: चोच, पाय, अंदाज. मग तो काही खाईपर्यंत हलू नका. अंदाज चुकला तर खोडू नका, खरं काय खाल्लं ते खाली लिहा. माझ्या वहीत शिंजीरासमोर "फक्त मध" लिहिलंय आणि त्याच पानावर खाली, "मादी पिल्लांसाठी चोचीत कोळी घेऊन घरट्याकडे गेली".