वाढत्या प्रोग्रामची मॉड्यूलमध्ये विभागणी कशी करावी

गृहनिर्माण सोसायटीच्या देखभाल खर्चाची बिले काढणारा पायथन प्रोग्राम सुरुवातीला एकाच फाइलमध्ये असणे योग्यच असते. मात्र पावतीची मांडणी बदलताना व्याजाचा हिशेब बिघडू लागला, की मॉड्यूलमध्ये, म्हणजे एकमेकींना वापरणाऱ्या वेगवेगळ्या फाइलींमध्ये, विभागणी लांबणीवर टाकू नये.

आधी फाइल वाचणे, मग हिशेब, शेवटी छपाई, अशा कामाच्या क्रमाने तुकडे पाडण्याचा मोह होतो. पण तसे केल्यास सीएसव्हीच्या (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या फाइलीच्या) चौथ्या रकान्यात थकबाकी असते ही माहिती 'रो[३]' (पायथनमध्ये मोजणी शून्यापासून होते) या रूपाने तिन्ही तुकड्यांत शिरते आणि उद्या त्याऐवजी एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरायचा ठरला, तर तिन्ही फाइलींना हात लावावा लागतो. पुढे बदलू शकणारा प्रत्येक निर्णय एकेका मॉड्यूलच्या आत झाकावा, हा संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पारनास यांनी १९७२ मध्ये मांडलेला निकष म्हणूनच आजही सर्वांत भरवशाचा वाटतो. त्यानुसार रकान्यांचा क्रम फक्त साठवणीच्या मॉड्यूलला ठाऊक असावा; इतरांना थकबाकीची रक्कम मिळाली की पुरे.

काम सुरू करण्यापूर्वी गिट या कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात कमिट करावे, म्हणजे कोडची सध्याची स्थिती नोंदवावी, आणि जुन्या प्रोग्रामने काढलेली एका महिन्याची बिले बाजूला ठेवावीत. प्रथम व्याजाचे फंक्शन वेगळे काढावे. त्याने थकबाकी, दर आणि दिवस घेऊन रक्कम परत द्यावी. स्वतः फाइल उघडू नये की काही छापू नये. प्रत्येक स्थलांतरानंतर बिले पुन्हा काढून जुन्यांशी ताडून पाहावीत आणि लगेच कमिट करावे. कोड हलवणे आणि सुधारणे ही दोन कामे एकाच कमिटमध्ये कधीही करू नयेत, कारण रक्कम चुकल्यास दोष कशात आहे हे शोधणे अवघड होते.

साठवणीचे मॉड्यूल व्याजाला आणि व्याजाचे साठवणीला इम्पोर्ट करू (म्हणजे वापरासाठी आत घेऊ) लागले, तर पायथन बहुधा इम्पोर्ट एरर देतो. इम्पोर्टची ओळ फंक्शनच्या आत ढकलली की एरर जाते, गुंता मात्र तसाच राहतो. त्यापेक्षा मुख्य फाइलने साठवणीकडून नोंदी घेऊन व्याजाकडे सोपवाव्यात.

नावे ठरवताना 'युटिल्स' टाळावे, कारण त्यात पुढे काहीही येऊन पडते. तसेच 'कॅलेंडर' यासारखे पायथनसोबत येणाऱ्या प्रमाण लायब्ररीतील नाव आपल्या फाइलीला देऊ नये: पायथन मुख्य फाइलीच्या फोल्डरमध्ये आधी शोधतो, त्यामुळे लायब्ररीतील मूळ मॉड्यूलवर विसंबणारे तारखा वाचण्याचे कोडही बंद पडू शकते.