तुतीच्या काड्या लावण्याआधी

पाऊस स्थिरावला आणि जमीन आतपर्यंत ओली झाली की तुतीच्या काड्या लावायला घ्या. रोज पाणी घालायची तयारी असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतही लागतात. एप्रिल-मे सोडून द्या.

काडी कोणत्या झाडाची, हे आधी ठरवा. ज्या झाडाची फळं तुम्ही स्वतः खाल्लीत, त्याच झाडाची घ्या. तुतीत पुष्कळदा नर आणि मादी फुलं वेगवेगळ्या झाडांवर येतात. नर झाडाची काडी आणलीत तर वर्षानुवर्षं नुसता पालाच मिळेल, कारण काडीपासून वाढलेलं झाड मूळ झाडासारखंच निघतं. बीड-जालन्याकडे ओळखीचा रेशीम शेतकरी असेल तर छाटणीच्या वेळी भारेच्या भारे मिळतील. पण त्यांच्याकडची व्ही-१ ही जात रेशमाच्या किड्यांना भरपूर पाला मिळावा म्हणून निवडलेली आहे. घरी फळं हवी असतील तर फळांचंच झाड शोधा.

फांदी सहा-आठ महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड, साल तपकिरी झालेली हवी. शेंड्याकडचा हिरवा भाग टाकून द्या, तो कुजतो. कात्री धारदार हवी, चिरडलेली साल मुळं धरत नाही. चिकाने पाती चिकट होतात, मधूनमधून पुसत राहा. काडी १५ ते २० सेंटिमीटरची, तीन-चार डोळ्यांची (डोळा म्हणजे कोंब फुटतो ती जागा) पुरे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खालचं टोक तिरकं कापा, वरचं सरळ. फांदीवरून काडी वेगळी होते त्याच क्षणी, नंतर नाही. गेल्या वेळी माझ्याकडून हेच राहिलं. पानं काढून काड्या टोपलीत टाकल्या की दोन्ही टोकं सारखीच दिसायला लागतात आणि निम्म्या उलट्या लागतात. मुळं फुटतात ती फांदीच्या बुंध्याकडच्या टोकाला. ते टोक हवेत आणि शेंडा मातीत गेला, तर काडी काही दिवस हिरवी राहते, एखादा डोळा फुगतोही, आणि मग सगळं वाळून जातं. म्हणून पुन्हा सांगते, खाली तिरकं, वर सरळ. कोणी मदतीला असेल तर त्यालाही आधी हेच सांगा. दुसऱ्याने कापलेल्या काड्या आल्या असतील तर डोळा जवळून बघा. पान गळलेल्या जागी सालीवर छोटासा वण असतो आणि डोळा त्या वणाच्या लगेच वर असतो. वण खाली, डोळा वर, म्हणजे काडी सुलटी. शंका आली तर प्रत्येक काडी अशी तपासा, कंटाळा करू नका.

पिशवीत माती, वाळू आणि जुनं कुजलेलं शेणखत सारखं मिसळा. ताजं शेण अजिबात नको, वाळवी येते. आधी काठीने भोक पाडा, मग तिरकं टोक खाली घालून काडी लावा. नुसती खुपसलीत तर साल सोलवटते. एक डोळा वर ठेवा, बाकीचे मातीत. भोवतीची माती बोटांनी घट्ट दाबा, आत पोकळी राहिली तर मुळं सुकतात. पिशव्या सावलीत ठेवा. माती ओलसर राहू द्या, पण पाणी साचू देऊ नका.

दोन-तीन आठवड्यांत पानं येतील. ती काडीतल्या साठ्यावर येतात, मुळं अजून धरलेली नसतात. उपटून बघू नका. मुलांनाही बघू देऊ नका. तीन-चार महिने तरी पिशवीतच राहू द्या.

मग जागा. भरपूर ऊन हवं. भिंत, पाण्याची टाकी, ड्रेनेजची लाइन यांपासून चांगलं लांब लावा, मुळं दूरवर पसरतात. गाडी उभी राहते किंवा कपडे वाळत घालता तिथे नको, फळांचे डाग निघत नाहीत. जमीन नसेल तर दीड फुटी कुंडी, तळाला भोकं.

शेंडे गोळा होऊन पानं चुरगळली तर पिठ्या ढेकूण आहे. तो शेंडा तोडून नष्ट करा, बाकीवर निंबोळी अर्क. शेजारी रेशमाचे किडे पाळत असतील तर रासायनिक फवारणी नकोच. फळं लागली की बुलबुलांसाठी जाळी. काळी होईपर्यंत तोडू नका, लाल आंबट लागतात.

फळं संपली की छाटणी, खत, पाणी. नव्या फुटीबरोबरच पुढची फळं येतात. छाटलेल्या फांद्यांच्या काड्या करणार असाल, तर झाडाखाली उभं असतानाच खालचं टोक तिरकं कापा, मगच टोपलीत टाका.