नाकतोडा पकडू नका, आधी त्याचा कान शोधा

गणपती गेले की बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमागच्या डोंगरावर गवत चांगलं वाढलेलं असतं आणि नाकतोडे दिसायला लागतात. माझ्या शिकवणीची पोरं ते डबीत कोंबून आणायची. म्हणून मी अट घातली: डबी नाही, आधी कान दाखवा. कान डोक्यावर शोधाल तर दिवस जाईल.

ऊन चढायच्या आत जा. गारव्यात नाकतोडा सुस्त असतो. अकरा वाजता त्याच्यामागे पळणं म्हणजे फुकटचा व्यायाम. पायात बूट हवेत, आणि गवतात शिरण्याआधी काठी आपटा, डोंगर सापांचाही आहे. नाकतोडा दिसला की खाली बसा, आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका. पुढचं काम मोबाईलचा झूम करेल.

पहिल्यांदा मिशा बघा. आखूड आणि जाडसर असतील तर नाकतोडा. अंगाहून लांब, केसासारख्या असतील तर तो रातकिड्यांच्या भावकीतला. त्याचे कान पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली असतात. नाकतोड्याचे कान पोटावर! मागची मांडी अंगाला जुळते तिथेच, पोटाच्या पहिल्या वळीवर, दोन्ही बाजूंना एकेक ताणलेला पातळ पडदा. मिटलेल्या पंखाखाली तो झाकलेला असतो, त्यामुळे धीर लागतो. गॅलरीत दिव्याखाली मेलेला सापडला तर सोनंच समजा. चिमट्याने पंख उचला, भिंग धरा, पडदा चकाकतो.

जिवंत असेल तर पोट भात्यासारखं हलताना दिसेल. श्वासाची भोकं तिथेच, कडेने ओळीत असतात. आवाज करणारा असेल तर मांडी बघा: बऱ्याच जाती ती पंखावर घासून किरकिरतात. उडी मात्र निव्वळ स्नायूंची नाही. पाय दुमडून तो आधी गुडघ्यातल्या लवचीक भागात ताण साठवतो आणि एका झटक्यात सोडतो.

हातात घ्यायचाच हट्ट असेल तर एकच मागचा पाय धरू नका. तो पाय टाकून पळतो, आणि मोठ्या नाकतोड्याला तो पुन्हा फुटत नाही. तोंडातून तपकिरी पाणी काढेल. घाबरवण्याचा प्रकार आहे, हात धुतला की झालं. रुईवर पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा दिसला तर मात्र लांबूनच बघा. रुईचं विष तो अंगात साठवतो आणि डिवचलं तर पिचकारी मारतो. डोळे सांभाळा.

सोसायटीत कुणीतरी हमखास विचारतं, ‘टोळधाड येणार का हो, फवारणी करून घेऊ?’ नका करू. २०२० च्या मे महिन्यात विदर्भात आले ते वाळवंटी टोळ. तेही नाकतोडेच, पण एकेकटे असताना निरुपद्रवी. दाटी झाली आणि मागच्या पायांना सारखे धक्के बसायला लागले की काही तासांत त्यांची वागणूक बदलते आणि ते थवा धरतात. नाकतोड्यांच्या हजारो जातींपैकी असं करणाऱ्या मोजक्याच. आपल्या डोंगरावरचे गवत खातात आणि वेडा राघू त्यांना खातो.

ऑक्टोबरच्या उन्हात एखादी मादी शेपटाकडचा भाग मातीत खुपसून बसलेली दिसली तर तिला हलवू नका. फेसात गुंडाळलेली अंडी घालतेय ती. पोरांना तिथून दोन पावलं मागे घ्या आणि शेजारच्या गवतात दुसरा शोधायला लावा.