स्टिरॉइडच्या पंपामुळे घोगरा आवाज, जिभेवर पांढरे चट्टे: माझा अनुभव

दम्यासाठी ब्युडेसोनाइडचा पंप सुरू केला, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन पफ. तिसऱ्या आठवड्यात आवाज बसला, जिभेवर पांढरे चट्टे आले, घास गिळताना घसा चुरचुरू लागला.

मिठाच्या गुळण्या झाल्या, हळद-मध झालं. वैतागून पंपच बंद केला आणि चौथी रात्र बसून काढली. हे मनाने अजिबात करू नका.

डॉक्टरांनी बुरशी सांगितली, तोंडात लावायचं क्लोट्रिमाझोल दिलं आणि म्हणाले, "पंप घेऊन दाखवा." घोळ तिथेच होता. फवारा फुफ्फुसांत कमी, घशात जास्त बसत होता. स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची प्लास्टिकची पोकळ नळी, घ्यायला लावला.

आता क्रम असा. पंप नीट हलवून स्पेसरला लावायचा. श्वास पूर्ण सोडायचा, स्पेसरच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटायचे, एकदाच दाबायचं आणि सावकाश, खोल श्वास घ्यायचा. दहा आकडे मोजेपर्यंत रोखायचा. अर्ध्या मिनिटाने पुन्हा हलवून दुसरा पफ. दोन्ही एकदम स्पेसरमध्ये मारायचे नाहीत. मग चूळ भरून, घशात गुळणी करून पाणी थुंकायचं, गिळायचं नाही. मी पंप ब्रशशेजारीच ठेवतो, म्हणजे दात घासण्याआधी आठवतोच.

स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात धुवून तसाच वाळू द्यायचा. फडक्याने पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतच चिकटतं.

दोन आठवड्यांत चट्टे गेले. आवाजाला महिना लागला. धाप अचानक लागली तर मात्र हा पंप नाही, साल्ब्युटामॉलचा वेगळा आहे.