बडोद्याहून एसटीने पावागड: चढायचं कुठून, उतरायचं कुठे

बडोद्यातल्या मराठी घरांत पावागड सगळ्यांचा झालेला असतो, पण तो एका ठरावीक क्रमाने: गाडीने डोंगराच्या मध्यावरची माची, रोपवेने वर, महाकालीचं दर्शन, तसंच खाली. या क्रमात पायथ्याचं चांपानेर ते माची हा जुना पायरस्ता पूर्ण सुटतो, आणि गडाचा सगळ्यांत देखणा भाग नेमका तोच आहे. तो चालायचा तर एसटीने जाणं सोयीचं. स्वतःची गाडी असली की जिथे ती लावली तिथेच परत यावं लागतं. बसने गेलात तर माचीवर चढून चांपानेरला उतरता येतं आणि तिथूनच परतीची बस धरता येते.

बस कुठली धरायची

बडोदा ते पावागड अंतर साधारण ५० किलोमीटर. रेल्वे स्टेशनच्या शेजारच्या मुख्य एसटी डेपोतून बस सुटतात आणि हालोलमार्गे सव्वा ते दीड तासात पोचवतात. नवखी माणसं इथेच चुकतात. हालोलला जाणारी प्रत्येक बस पावागडला जात नाही. गोध्र्याची बस हालोलहून कालोलकडे वळते. पाटीवर पावागड असेल तीच बस घ्या, किंवा हालोलमार्गे शिवराजपूर, जांबुघोड्याकडे जाणारी; तिच्या रस्त्यावर चांपानेर लागतं. पाट्या गुजरातीत असतात, त्यामुळे पुण्या-मुंबईचे पाहुणे बरोबर असतील तर चढण्याआधी कंडक्टरला ‘चांपानेर ऊभी रहेशे?’ (चांपानेरला थांबेल का?) असं विचारायला सांगा. चुकून गोध्र्याच्या बसमध्ये बसलात तरी बिघडत नाही. हालोलला उतरा, तिथून चांपानेर ७ किलोमीटरच आहे आणि शटल रिक्षा मिळतात.

गोल्डन चोकडीवरूनही चढता येतं, पण रविवारी तिथे बसायला जागा मिळेलच असं नाही. सकाळी ६ ते ७ च्या दरम्यानची बस धरा. ९ नंतर निघालात तर पायऱ्यांवर ऐन उन्हात सापडाल. सुटे पैसे जवळ ठेवा.

आधी वर, मग चालत खाली

पावागडचा माथा सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. चांपानेरपासून माथ्यापर्यंत सगळा डोंगर चढायचा आणि उतरायचा म्हटलं तर दिवस जातो आणि पाय बोलायला लागतात. मुलं किंवा पन्नाशीपुढची मंडळी बरोबर असतील तर सोपा क्रम असा: चांपानेरला उतरल्यावर तळेटीतून, म्हणजे पायथ्यावरून, एसटीची मिनीबस घेऊन माचीला जा. अंतर ५ किलोमीटरच्या आसपास, रस्ता वळणावळणाचा. गर्दीच्या दिवसांत खासगी गाड्या खालीच थांबवतात, मिनीबस मात्र चालू असतात.

माचीपासून वर पायऱ्या आहेत, दोन हजारांच्या आसपास. बेताने चढणाऱ्याला सव्वा तास पुरतो. रोपवेने गेलात तरी देवळापर्यंतच्या शेवटच्या पायऱ्या चढाव्याच लागतात, हे गुडघेदुखीवाल्यांना आधीच सांगून ठेवा. जोराचा वारा असला की रोपवे बंद ठेवतात, दुरुस्तीसाठीही काही दिवस बंद असतो. म्हणून ‘रोपवे आहेच’ या भरवशावर आजीला नेऊ नका.

वर पोचल्यावर बहुतेक लोक थेट देवळाकडे जातात. तुम्ही दुधिया तलावापाशी थांबा. जवळच छासिया तलावाच्या काठावर लकुलीशाचं (शिवाच्या एका अवताराचं) देऊळ आहे, दहाव्या-अकराव्या शतकातलं, गडावरच्या सगळ्यांत जुन्या वास्तूंपैकी एक. बरंच पडलंय, पण भिंतींवरच्या मूर्ती जवळ जाऊन पाहण्यासारख्या आहेत. जैन देवळंही याच बाजूला आहेत. तिथपर्यंत आलात तर आणखी अर्धा तास काढून नवलखा कोठारापर्यंत जा. घुमटांची ही धान्याची कोठारं पार कड्याच्या बाजूला आहेत, आणि पाऊस संपल्यावरच्या स्वच्छ हवेत तिथून लांबवरचं मैदान दिसतं. कड्याला कठडा नाही. मुलांचा हात सोडू नका, आणि फोटोसाठी मागे सरकत जाऊ नका.

पायाखालचा दगडही बघत चला. खाली काळा बेसाल्ट असतो, आपल्या सह्याद्रीसारखाच. माथ्याकडे तो बदलून फिकट, गुलाबी-राखाडी होतो. हा रायोलाइट. दख्खनच्या लाव्ह्यात तो फार थोड्या ठिकाणी इतक्या प्रमाणात सापडतो, म्हणून भूशास्त्राचे विद्यार्थी इथे लांबून येतात.

माचीला परत आलात की पाणी भरून घ्या, कारण खाली चांपानेरपर्यंत दुकानांची खात्री नाही. आता डांबरी रस्ता सोडून जुना पायरस्ता विचारून घ्या. स्थानिक लोक ‘पगथियांनो रस्तो’ म्हटलं की लगेच दाखवतात. माचीजवळच विश्वामित्रीच्या दरीच्या टोकावर खापरा झवेरीच्या महालाचे अवशेष आहेत. बडोद्यात काळ्या घोड्याजवळच्या पुलाखालून वाहते ती विश्वामित्री याच डोंगरात उगम पावते.

खालून वर येताना अटक, बुढिया, मोती, सदनशहा असे दरवाजे लागतात, उतरताना ते उलट्या क्रमाने भेटतात. बुढिया दरवाज्याजवळची सात कमान चुकवू नका. पिवळसर दगडाच्या मोकळ्या कमानींची ही ओळ डोंगराच्या धारेवर उभी आहे. कमानीखाली उभं राहून वर पाहिलं की पाचरीच्या आकाराचे चिरे एकमेकांना कसे धरून ठेवतात ते समजतं. त्यांवर चढू नका, मुलांनाही चढू देऊ नका. इतकं उघड्यावर उरलेलं बांधकाम आपणच जपायचं आहे. रमतगमत उतरायला दीड-दोन तास धरा.

इतिहासात रस असलेल्यांसाठी: गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने १४८४ मध्ये हा गड जिंकून खाली चांपानेरला राजधानी वसवली. १५३५ मध्ये हुमायूनची माणसं कड्यात खिळे ठोकून वर चढली आणि गड घेतला. बडोदं गायकवाडांचं असलं तरी पावागड मराठेशाहीत शिंद्यांकडे होता. इंग्रजांनी तो १८०३ मध्ये घेतला, पुढच्या वर्षी परत दिला, आणि १८६१ मध्ये सगळा पंचमहाल त्यांच्याकडे गेला.

चांपानेर: सपाटीवरची चाल

दुपार इथे घालवा. ज्यांना चढायचंच नाही त्यांनी पूर्ण दिवस इथे घालवला तरी चालेल. चांपानेर-पावागड २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. शहर की मशीद, मांडवी (जुनं जकातघर), जामी मशीद हा टप्पा आधी करा. जामी मशिदीचे दोन मिनार सुमारे ३० मीटरचे आहेत, पण नजर वर न्यायच्या आधी आतल्या छताची कोरीव फुलं आणि खिडक्यांच्या जाळ्या पाहा. तिकीट सांभाळून ठेवा, पुढच्या वास्तूतही दाखवायला लागतं. पाय साथ देत असतील तर केवडा आणि नगीना मशिदीपर्यंत जा, आणि वेळ असेल तर वडा तलावापर्यंत. हा भाग सगळा सपाट आहे, पण सावली फार थोडी.

सामान आणि अडचणी

माणशी २ लिटर पाणी, थेपले, टोपी, पकड असलेले बूट. वानरं सगळीकडे आहेत. हातातली प्लास्टिकची पिशवी ती खेचून नेतात, म्हणून खाणं चेनच्या सॅकमध्ये ठेवा आणि सॅक उघडताना आजूबाजूला बघा. घाबरून पिशवी ओढून धरलीत तर बोचकारतात. सोडून द्या.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. जुलै ते सप्टेंबर गड हिरवागार असतो, पण पायरस्त्यावरच्या जुन्या फरशांवर शेवाळ धरतं. तिथे पूर्ण पाऊल टेकवत, कडेने उतरा. ढग गडगडू लागले तर माथ्यावर थांबू नका. एप्रिल-मे टाळा. दोन्ही नवरात्रं, पौर्णिमा आणि रविवारही चालण्यासाठी टाळलेले बरे. नवरात्रात जादा बस सुटतात, पण पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा नसते.

परतीला संध्याकाळी ५ पर्यंत चांपानेरच्या स्टँडवर असा. बस भरून आली किंवा आलीच नाही तर अंधार पडेपर्यंत वाट बघत बसू नका. शटल रिक्षाने हालोल गाठा. गोध्र्याहून येणाऱ्या बसही तिथे थांबतात, त्यामुळे बडोद्याला परतायला गाडी मिळते.