शेजारी बांधकाम सुरू असताना झाड कसे जपावे

बांधकामापासून झाड वाचवायचे म्हटले की बहुतेक ठिकाणी बुंध्याला फळ्या आणि गोणपाट बांधले जातात, वर गेरू-चुन्याचा हात मारला जातो आणि सर्वांचे समाधान होते. डंपर मागे घेताना बुंध्याची साल सोलवटू नये, एवढाच त्या फळ्यांचा उपयोग. झाड मरते ते जमिनीखालच्या इजेने, आणि तेही बरेचदा दोन-चार पावसाळे उलटल्यावर, म्हणजे भोगवटा पत्र मिळून ठेकेदार दुसऱ्या जागेवर गेल्यानंतर. त्यामुळे पुढील मजकूर मुख्यतः मुळांविषयी आहे.

प्रथम छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून बुंध्याचा घेर मोजावा आणि त्याला 4 ने गुणावे. येईल तितक्या अंतरावर, झाडाच्या चारही बाजूंनी, कुंपण घालावे. घेर 150 सेंटीमीटर असेल, तर कुंपण बुंध्यापासून 6 मीटरवर येईल. ब्रिटनचे बीएस 5837 हे मानक खोडाच्या व्यासाच्या 12 पट त्रिज्या राखायला सांगते. हिशेब जवळपास तोच आहे, फक्त उभ्या झाडाचा घेर टेपने थेट मोजता येतो. फांद्यांची सावली संपते तिथे मुळेही संपतात, हा समज सोडून द्यावा. पाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि आडवी लांबवर पसरतात. पुण्यात अनेक ठिकाणी थोड्याच खोलीवर मुरूम आणि काळा खडक लागतो, तिथे तर त्यांना आडवे जाण्यावाचून गत्यंतरच नसते.

कुंपण पत्र्याचे आणि रोवलेले असावे. रिबन, दोरी, ‘झाडे वाचवा’ची पाटी यांतले काहीही टिकत नाही, कारण मोकळी जागा दिसली की तिथे खडी पडतेच. आत वाळू, विटा, राडारोडा, मजुरांची खोपटी, मिक्सर धुतलेले पाणी, काहीही नको. सिमेंटचे पाणी तीव्र अल्कधर्मी असते. मुळांवर मुरुमाचा भरावही घालू नये. वाहने आतूनच न्यावी लागणार असतील, तर लाकडाच्या ढलप्यांचा सुमारे एक फूट थर देऊन त्यावर लोखंडी प्लेटा टाकाव्यात, नाहीतर चाकांखाली माती दडपून मुळांना हवा मिळेनाशी होते.

आता खोदाईकडे वळू, कारण झाडाचे भवितव्य इथेच ठरते आणि मला सर्वांत जास्त वाद घालावा लागला आहे तोही इथेच. जेसीबीचे बकेट मूळ कापत नाही, ओढते. चराच्या काठावर तुटलेले टोक दिसते, पण ओढ लागलेले मूळ आत बुंध्याकडे बऱ्याच अंतरापर्यंत चिरत गेलेले असते. त्याची साल मोजा उतरवावा तशी सुटते, आतले पांढरे लाकूड उघडे पडते आणि तिथून कुज शिरते. ‘साहेब, दोन मुळं तुटली तर काय होतंय,’ असे मुकादम हमखास म्हणतो. त्याच्याशी शास्त्रार्थ करत बसण्यापेक्षा यंत्र कुंपणाबाहेर थांबवावे.

तळघराचा खड्डा झाडाच्या बाजूला येणार असेल, तर यंत्र आणण्यापूर्वी खड्ड्याच्या कडेच्या रेषेवर दोन-तीन फूट खोल अरुंद चर हाताने खणून घ्यावा. आड येणारी मुळे धारदार करवतीने सरळ कापावीत. त्यानंतर यंत्राने चराच्या पलीकडेच काम करावे. मुळे आधीच मोकळी झालेली असल्याने ओढ आतपर्यंत पोहोचत नाही. कड उभी राखण्यासाठी आधाराची व्यवस्था करायला लावावी. ‘माती ढासळू नये म्हणून उतार देतो’ हे मान्य करू नये, कारण तो उतार झाडाच्याच जागेतून जातो. आणखी एक अनुभवाची गोष्ट म्हणजे, हा चर उक्त्या कामाने देऊ नये, रोजंदारीवर द्यावा. फुटावर पैसे ठरले की बिगारी वाटेत येणारे प्रत्येक मूळ कुदळीच्या एका घावात उडवतो, आणि त्यात त्याला दोष देता येत नाही.

पाण्याच्या किंवा ड्रेनेजच्या पाइपसाठी चर असेल, तर अडीच सेंटीमीटरपेक्षा जाड मूळ कापूच नये; त्याच्या खालून माती काढून पाइप सरकवावा. बुंध्यापासून घेराइतक्या अंतरात तर कोणतेही मूळ कापू नये. तीच मुळे झाडाला उभे धरतात. उघडी पडलेली मुळे ओल्या गोणपाटाने झाकावीत, उन्हाळ्यात दिवसातून दोन-तीनदा पाणी मारावे आणि शक्य तर त्याच दिवशी चर बुजवावा. कापलेल्या टोकांना डांबर किंवा ऑइलपेंट फासण्याचा सल्ला कोणीतरी देतोच. तो ऐकू नये. स्वच्छ काप आणि ओली माती पुरेशी असते. मुळे गेली म्हणून वरचा विस्तार ‘तोल साधण्यासाठी’ छाटणेही मला मान्य नाही, कारण नवी मुळे फुटायला लागणारे अन्न त्याच पानांत तयार होते. वाळलेल्या फांद्या मात्र काढाव्यात.

‘आम्ही झाड तोडलेच नाही’ हा बचावही चालत नाही. महाराष्ट्राच्या 1975 च्या नागरी क्षेत्रातील वृक्ष संरक्षण कायद्यानुसार झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हे तोडण्यातच मोडते, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षे किंवा त्याहून जुनी झाडे हेरिटेज वृक्ष ठरतात. मुळांना हात लावण्यापूर्वी वृक्ष प्राधिकरणाची लेखी परवानगी घ्यावी.

काम चालू असेपर्यंत आठवड्यातून एकदा कुंपणाच्या आतली सगळी जागा खोलवर भिजवावी. बुंध्याजवळ पाइप सोडून ठेवणे व्यर्थ आहे. पहार दीड फूट सहज जात असेल, तर पाणी पोहोचले असे समजावे. तळघरातील पाणी पंपाने उपसले जात असेल, तर हे विसरून मुळीच चालणार नाही.

लहान झाड हलू लागले, तर तीन दिशांना ताण द्यावेत. बुंध्याभोवती रुंद पट्टा वापरावा; तार सालीत रुतते. मोठ्या झाडाला दोरांचा भरवसा नसतो, तिथे जाणकार वृक्षतज्ज्ञाला बोलवावे. एका बाजूची मुळे गेलेले झाड पावसाळ्यापूर्वीच्या वळवात किंवा जूनच्या पहिल्या वाऱ्यात दगा देते. म्हणून मे महिन्यापासून दर वाऱ्या-वादळानंतर बुंध्याभोवतीची जमीन पाहावी. माती उचललेली किंवा अर्धवर्तुळाकार भेग पडलेली दिसली, तर झाडाखालची वाहने आणि माणसे लगेच हलवावीत आणि उद्यान विभागाला त्याच दिवशी कळवावे.